नाव मागाहून, आधी बोट ठेव

पत्र :

ताई, मी जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षाला आहे. बारावीपर्यंत सगळं शिक्षण मराठीतून, तेही कला शाखेतून. नर्सिंगला नंबर लागला तेव्हा घरी पेढे वाटले होते. आता अ‍ॅनाटॉमीचं, म्हणजे शरीररचनेचं, पुस्तक उघडलं की रडू येतं. रात्री अकरापर्यंत नावं पाठ करते, सकाळी त्यातली अर्धी गेलेली असतात. पहिल्या चाचणीत ५० पैकी ११ मिळाले. मागच्या आठवड्यात आम्हाला एका मेडिकल कॉलेजात डिसेक्शन हॉल, म्हणजे मृतदेह उघडून शिकवतात ती खोली, दाखवायला नेलं. तिथे मला चक्कर आली आणि बरोबरच्या मुली हसल्या. आई म्हणते, झेपत नसेल तर परत ये. मी सोडून देऊ का?

ता.क. हृदय डाव्या बाजूला असतं असं शाळेत शिकले. आमच्या मॅडम म्हणतात मध्ये असतं. पुस्तकातल्या चित्रात तर त्याचं टोक उजवीकडे दिसतं. खरं काय?

उत्तर :

बाळ,

सोडू नकोस. एका चाचणीवरून असा निर्णय घ्यायचा नसतो. मी ३२ वर्षं वॉर्डात आणि वर्गात काढली, त्यातली शेवटची १८ वर्षं पहिल्या वर्षाच्या मुलींना हाच विषय शिकवला. पहिल्या चाचणीत दहा-बारा गुण मिळवलेल्या आणि पुढे उत्तम सिस्टर झालेल्या मुली माझ्या डोळ्यांसमोर आहेत. आईला सांग, मला सहा महिने दे. आणि त्या सहा महिन्यांत अभ्यासाची पद्धत बदल, कारण घोटाळा तिथे आहे.

तू लिहितेस, ‘नावं पाठ करते.’ जिची जागा माहीत नाही, आकार माहीत नाही, काम माहीत नाही, तिचं नाव डोक्यात राहील कसं? माझ्या वर्गात एकच नियम असायचा. आधी बोट ठेवा, मग नाव घ्या. ज्या अवयवावर बोट ठेवता येत नाही, त्याच्यासाठी निदान वरून हात ठेवून ‘याच्या खाली’ म्हणता आलं पाहिजे. आणि बोट ठेवायला लागणारं शरीर तुझ्याकडे चोवीस तास आहे. वसतिगृहात, बसमध्ये, अंघोळ करताना. पुस्तक मिटलं तरी ते जवळच असतं.

कला शाखेतून आले, मराठीतून आले, असं तू कमीपणानं लिहिलं आहेस. त्याचंच आधी बोलू.

दंड, कोपर, मनगट, मांडी, नडगी, पोटरी, घोटा, टाच, खुबा, बरगडी, मणका, बेंबी, ओटीपोट, जांघ, कूस. हे शब्द तुला कुणी शिकवले? कुणीच नाही, तू ते घरातून घेऊन आलीस. आणि हे शब्द किती नेमके आहेत बघ. रोजच्या बोलण्यात आपण ‘पाय दुखतो’ म्हणतो तेव्हा खुब्यापासून बोटांपर्यंत काहीही असू शकतं. पण अ‍ॅनाटॉमीत ‘लेग’ म्हणजे फक्त गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा भाग. त्याच्या पुढच्या बाजूला आपण नडगी म्हणतो, मागच्या बाजूला पोटरी. ‘आर्म’ म्हणजे फक्त खांद्यापासून कोपरापर्यंत, म्हणजे आपला दंड. कोपराखालच्या हाताला ते ‘फोरआर्म’ म्हणतात. पुस्तकातली अर्धी विभागणी तुला आधीच येते, फक्त तिच्यावर दुसऱ्या भाषेतल्या पाट्या लावायच्या आहेत.

त्या पाट्यांनाही घाबरू नकोस. ती नावं ज्यांनी ठेवली तेही आपल्यासारखंच बघून ठेवत होते. लहानपणी दंड फुगवून ‘बघ माझी बेटकुळी’ म्हणायचो ना आपण? बेटकुळी म्हणजे बेडकी. कातडीखाली बेडकी बसल्यासारखं दिसतं म्हणून. रोमन लोकांना तिथे उंदीर दिसला. ‘मसल’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा अर्थ छोटासा उंदीर. गुडघ्याच्या वाटीला ते ‘पटेला’ म्हणतात, आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ लहानशी ताटली. आपली वाटी, त्यांची ताटली. पाठीच्या कण्याच्या अगदी शेवटच्या हाडाला आपण माकडहाड म्हणतो, कारण शेपटी असती तर तिथून निघाली असती. ग्रीकांना तेच हाड कोकिळेच्या चोचीसारखं वाटलं, म्हणून ‘कॉक्सिक्स’.

लांबलचक नाव आलं की त्याचे तुकडे कर. ‘स्टर्नोक्लायडोमास्टॉइड’ हे नाव ऐकून तुझ्या वर्गातल्या निम्म्या मुली वही मिटत असतील. पण हा तर पत्ता आहे. स्टर्नो म्हणजे छातीच्या मधलं हाड, क्लायडो म्हणजे गळ्याचं हाड, मास्टॉइड म्हणजे कानामागचा उंचवटा. हा स्नायू पहिल्या दोघांपासून निघतो आणि तिसऱ्याला जाऊन चिकटतो. आरशासमोर उभी राहा आणि मान उजवीकडे वळव. गळ्याच्या डाव्या बाजूला जो तिरपा दोर उठून दिसेल, तो हा. आता हे नाव तू विसरणार नाहीस.

आता एक गोष्ट जरा सावकाश सांगते, कारण वॉर्डात गेल्यावर तिच्यावाचून रोज अडेल. आपल्याकडे ‘नस’ हा एक शब्द आहे आणि त्यात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत. ‘नस दबली’ म्हणतो तेव्हा मज्जातंतू अभिप्रेत असतो. ‘नस सापडत नाही’ असं सलाइन लावणारी म्हणते तेव्हा ती शीर असते. ‘नस कापली’ म्हणतो तेव्हा बहुधा रोहिणी. ‘नस आखडली’ म्हणतो तेव्हा स्नायू किंवा त्याची कंडरा. रुग्णानं कुठलाही शब्द वापरावा, तो त्याचा हक्क आहे. तुला मात्र चारही वेगळं कळलं पाहिजे, आणि ते कळायला तुझं डावं मनगट पुरेसं आहे.

तळहात वर कर. अंगठ्याच्या मुळापासून मनगटाकडे ये आणि उजव्या हाताची दोन बोटं हलकेच टेकव. ठोका लागतो, ती रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त घेऊन येणारी वाहिनी. ‘रेडियल आर्टरी’ हे तिचं नाव. तिची भिंत जाड असते, खाली रेडियस नावाचं हाड असतं, म्हणून ती दाबून मोजता येते. आता अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकव आणि मनगट जरासं आत वाकव. मधोमध एक दोरी ताठ उठेल. ती कंडरा, म्हणजे टेंडन, स्नायूला हाडाशी किंवा त्याच्या मुक्कामाच्या जागेशी जोडणारी. ती रक्तवाहिनीही नाही आणि मज्जातंतूही नाही. उठली नाही तर घाबरू नकोस. ‘पाल्मारिस लाँगस’ नावाचा हा स्नायू काही माणसांना जन्मतःच नसतो आणि त्यांचं काहीही अडत नाही. खोलीतल्या सगळ्यांची मनगटं तपास, एखादी तरी तशी निघण्याचा संभव आहे.

या दोरीच्या खाली, न दिसणारा आणि बोटाला न लागणारा ‘मीडियन नर्व्ह’ आहे. तो मज्जातंतू. मनगटाच्या हाडांच्या आणि वरच्या जाड पट्ट्याच्या मधल्या बोगद्यातून नऊ कंडरा आणि हा एक मज्जातंतू असे दाटीवाटीनं तळहातात शिरतात. तिथे सूज आली की दबतो तो हाच. मग अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू, इतक्याच भागाला मुंग्या येतात, करंगळीला येत नाहीत. पुढे एखादी बाई वॉर्डात म्हणेल, ‘सिस्टर, रात्री हाताला मुंग्या येतात.’ तेव्हा तू विचारायचंस, ‘कोणकोणत्या बोटांना?’ करंगळीला येत असतील तर गोष्ट वेगळी. करंगळीचा मज्जातंतू कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडामागून जातो. कोपर दाराला आपटलं की करंट बसतो ना, तो त्याचाच.

राहिली शीर. हात खाली सोड, मिनिटभर थांब. हाताच्या पाठीवर निळसर रेषा फुगतील. बोटांच्या पेराजवळ एका शिरेवर एक बोट दाबून धर. दुसऱ्या बोटानं तीच शीर मनगटाच्या दिशेनं निपटून काढ आणि ते दुसरं बोट उचल. मधला तुकडा सपाट राहील, वरून रक्त परत येणार नाही, कारण आत झडपा आहेत आणि त्या रक्ताला हृदयाकडेच जाऊ देतात. आता पहिलं बोट उचल. शीर खालून भरत येईल. रक्त शरीरात फिरतं हे इंग्लंडच्या विल्यम हार्वेनं १६२८ मध्ये जगापुढे मांडलं, तेव्हा दंडाला पट्टी बांधून त्यानं दाखवलेला प्रयोग याच जातीचा होता. तुला त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

जाता जाता एक सावधगिरीची सूचना. तू हिंदी व्हिडिओ बघत असशीलच. आपण मराठीत मसलला स्नायू म्हणतो, हिंदीत ‘स्नायु’ हा शब्द नर्व्हसाठी वापरतात. आयुर्वेदाच्या पुस्तकात त्याचा अर्थ आणखी तिसराच असतो. हा घोळ मी मुलींच्या उत्तरपत्रिकांत कितीदा पाहिला आहे.

उजव्या-डाव्याचं सुरुवातीलाच पक्कं कर. अ‍ॅनाटॉमीत उजवा म्हणजे रुग्णाचा उजवा, बघणाऱ्याचा नव्हे. चित्रातला माणूस तुझ्यासमोर तोंड करून उभा आहे असं समज. त्याचा उजवा हात तुझ्या डावीकडे येणार. म्हणून पुस्तकातल्या हृदयाचं टोक तुला उजवीकडे दिसतं. ते त्याच्या डावीकडेच आहे. हा माणूस नेहमी एकाच पद्धतीनं उभा असतो. ताठ, पावलं पुढे, हात खाली, तळवे समोर. तळवे समोरच का? कारण तेव्हा कोपराखालची दोन हाडं एकमेकांना समांतर असतात. तीर्थ घ्यायला हात पुढे करतो, तशी तळव्याची स्थिती म्हणजे ‘सुपिनेशन’. भाकरी थापताना तळवा खाली असतो, ते ‘प्रोनेशन’. डाव्या हातानं उजवं मनगट धर आणि उजवा तळवा तीर्थावरून भाकरीवर आण. अंगठ्याकडचं हाड दुसऱ्यावरून तिरकं फिरताना हाताला कळेल. आता कोपराचं टोक धरून तेच कर. टोक जागचं हलत नाही. फिरतं ते रेडियस, कोपरापाशी ठाम राहतं ते अल्ना.

हे सगळं कशासाठी, असं तुला वाटेल. म्हणून एक प्रसंग सांगते. तो मी फार वेळा सांगितलेला नाही.

मी शिकाऊ असताना आमच्या वॉर्डात सहा वर्षांचा एक मुलगा आला. ताप होता म्हणून गावाकडे कुणीतरी त्याला ‘कमरेत’ इंजेक्शन दिलं होतं. आपण सभ्यपणे कंबर म्हणतो आणि ढुंगणावर देतो. देताना सुई खाली आणि आतल्या बाजूला गेली. पोरगं तिथल्या तिथे किंचाळलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचं पाऊल वर उचलेना. चालताना चप्पल फरपटायची, पुढचा पंजा जमिनीला घासायचा. त्याची आई मला विचारत होती, ‘औषध चुकीचं होतं का?’ औषध बरोबर होतं. जागा चुकली होती. ‘सायटिक नर्व्ह’ हा शरीरातला सगळ्यांत जाड मज्जातंतू, अंगठ्याएवढ्या जाडीचा, ढुंगणाच्या खालच्या भागातून मांडीच्या मागे उतरतो. सुई त्याला लागली होती. मी त्या पोराच्या पायाला फिजिओथेरपीसाठी धरून बसायचे, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की पुस्तकातल्या त्या चित्रावर आपण ज्या रेषा ओढतो त्या कुणाच्या तरी पायावरून जातात.

म्हणून ढुंगणाचे चार भाग करून वरचा, बाहेरचा चतुर्थांश निवडायला शिकवतात. आता त्याहूनही सुरक्षित म्हणून खुब्याच्या बाजूची जागा शिकवतात. त्यासाठी रुग्णाच्या मांडीच्या वर बाहेरच्या अंगाला जो हाडाचा उंचवटा लागतो त्यावर तळवा ठेवायचा, पहिलं बोट कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकावर, मधलं बोट त्याच हाडाच्या कडेकडेनं मागे पसरायचं, आणि दोन बोटांमधल्या त्रिकोणात सुई. उजव्या खुब्यासाठी आपला डावा तळवा, डाव्यासाठी उजवा. तान्ह्या बाळांना तर मांडीच्या बाहेरच्या बाजूलाच देतात. हे प्रात्यक्षिक तुझ्या मॅडम शिकवतील आणि त्यांच्या देखरेखीखालीच करायचं. पण ती दोन हाडं कपड्यावरून स्वतःच्या अंगावर आजच शोध. ग्रेटर ट्रोकँटर आणि अँटिरियर सुपीरियर इलियाक स्पाइन ही नावं त्यांनंतर सांगितली तर जड वाटतात का बघ.

आता डिसेक्शन हॉलबद्दल. चक्कर येणं म्हणजे भित्रेपणा नाही. डोळ्यांना काही असह्य दिसलं की काहींच्या शरीरात हृदयाचे ठोके एकदम मंदावतात, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. त्यात मृतदेह टिकवायच्या फॉर्मालिनचा डोळ्यांत जाणारा वास, कोंदट हवा आणि बहुतेक वेळा रिकामं पोट. पुढच्या वेळी नाश्ता करून जा. गुडघे ताठ ठेवून एका जागी उभी राहू नकोस. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली की लाज न बाळगता खाली बस, किंवा आडवी होऊन पाय वर घे. आणि टेबलापाशी गेलीस की चेहऱ्याकडे आधी बघू नकोस, हाताकडे बघ. हात आपल्या ओळखीचा असतो. हसणाऱ्या मुलींचं मनावर घेऊ नकोस, त्यांतल्या निम्म्या स्वतःची भीती लपवायला हसतात.

तिथे टेबलावर जे होतं ते एका माणसाचं शरीर होतं, आणि ते तुझ्यासाठी तिथे होतं. आपल्या राज्यात १९४९ च्या अ‍ॅनाटॉमी कायद्यानं बेवारस मृतदेह शिक्षणासाठी मिळण्याची सोय झाली. आज कितीतरी माणसं जिवंतपणीच देहदानाचा अर्ज भरून ठेवतात, आणि त्यांच्या घरचे लोक दुःखाच्या दिवशी तो शब्द पाळतात. म्हणून अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत विद्यार्थी त्या देहाला पहिला गुरू म्हणतात आणि काम सुरू करण्याआधी शपथ घेतात. तू जाशील तेव्हा मनात नमस्कार कर. मी दर वेळी करत असे.

शरीर आतून बघितल्याशिवाय कळत नाही, हे आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनाही ठाऊक होतं. सुश्रुतसंहितेत त्याची पद्धत दिली आहे. मृतदेह मुंज गवतासारख्या वेष्टनात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, नदीच्या संथ पाण्यात सात रात्री ठेवायचा, आणि मग वाळ्याच्या किंवा वेळूच्या कुंचलीनं हळूहळू खरवडत एकेक थर डोळ्यांनी पाहायचा. त्याच ग्रंथात हाडं ३०० सांगितली आहेत, तुझ्या पुस्तकात २०६. म्हणून कुणी चुकलं असं समजू नकोस. तिथे दात आणि कूर्चाही हाडांत धरलेली आहे. मोजायचं काय, यावर आकडा ठरतो.

२०६ चंसुद्धा ओझं घेऊ नकोस. एका हाताच्या पंजात मनगटासकट २७ हाडं, एका पावलात घोट्यासकट २६. दोन्ही बाजूंची मिळून १०६. म्हणजे पंजे आणि पावलं झाली की निम्म्याहून जास्त हाडं झाली! आणि तीही एका बाजूची शिकली की दुसऱ्या बाजूची फुकट मिळतात. पाठीच्या कण्यात मानेचे ७, छातीमागचे १२, कमरेचे ५ मणके. त्यांच्याखाली ५ जुळून झालेलं एक त्रिकोणी हाड, आणि शेवटी साधारण ४ जुळून झालेलं माकडहाड. मान पुढे वाकवून मानेच्या मुळाशी हात फिरव, जो मणका सगळ्यांत जास्त टोचतो तो बहुधा सातवा.

तान्ह्या बाळाची हाडं मोजली तर ती २७० ते ३०० भरतात, कारण पुढे जुळणारी हाडं त्याच्यात अजून सुटी असतात. बाळाच्या टाळूवर तेल घालताना तू आजीला पाहिलं असशील. ती मऊ जागा म्हणजे कवटीची हाडं अजून न जुळलेली जागा. पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते, मागची लहान टाळू पहिल्या दोन-तीन महिन्यांतच. मिडवाइफरी शिकशील तेव्हा बाळंतपणाच्या वेळी ह्याच दोन टाळू बोटानं ओळखून बाळाचं डोकं कुठल्या दिशेला वळलंय ते सांगायला शिकशील. चौकोनी लागली तर पुढची, तिकोनी लागली तर मागची. तुझ्या आजीचं ज्ञान तिथे तुला कामाला येणार आहे.

इंग्रजीबद्दल खरं तेच सांगते. ती शिकावीच लागेल. केसपेपर इंग्रजीत असतो, औषधाची चिठ्ठी इंग्रजीत असते, रात्रपाळीला डॉक्टरांना फोनवर सांगायचं तेही इंग्रजी शब्दांतच. पण समजून घ्यायचं मराठीत, मांडायचं इंग्रजीत, असा क्रम ठेव. एक वही कर. डाव्या पानावर हातानं चित्र काढ, वाकडंतिकडं चालेल. उजव्या पानावर घरचा शब्द, त्याच्यापुढे पुस्तकातला शब्द, आणि खाली एका ओळीत ‘हे बिघडलं तर काय होईल’. ती शेवटची ओळ चुकवू नकोस. उजवी श्वासनलिका डावीपेक्षा रुंद आणि सरळ असते, हे वाक्य एकटं असेल तर उद्या विसरशील. पण पोरानं शेंगदाणा खाताना ठसका लागून तो आत गेला तर बहुतेक वेळा उजवीकडे का सापडतो, हे त्याच्याखाली लिहिलंस की राहील. उजवं मूत्रपिंड डाव्यापेक्षा थोडं खाली असतं, कारण त्याच्यावर यकृत बसलेलं असतं. हेही तसंच लिही.

आणि रोज रात्री अकरापर्यंत एकटी पाठ करत बसण्यापेक्षा मैत्रिणीच्या हातावर बॉलपेननं रोहिणीचा रस्ता काढ आणि तिला मोठ्यानं समजावून सांग. सांगताना जिथे अडखळशील तेवढंच पुस्तकात बघ. आठवड्याभरात फरक दिसेल.

वॉर्डात रुग्ण ‘काळजात कळ येते’ म्हणतात, ‘पोटात गोळा आला’ म्हणतात. काळीज म्हणजे बोलण्यात हृदय, पण मटणाच्या दुकानात काळीज मागितलं तर यकृत मिळतं. पोट म्हणजे कुणाला जठर, कुणाला सगळं बरगड्यांपासून जांघेपर्यंत. म्हणून तूही रुग्णाला तेच सांगायला शिक, ‘एका बोटानं दाखवा, कुठे?’ आणि त्या बोटाखाली काय काय आहे ते तुला माहीत असू दे. बेंबीतून एक उभी आणि एक आडवी रेघ ओढ, चार घरं होतात. उजवीकडे वर यकृत आणि पित्ताशय, उजवीकडे खाली आंत्रपुच्छ म्हणजे अपेंडिक्स, डावीकडे वर जठराचा बराचसा भाग आणि प्लीहा, डावीकडे खाली मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा भाग. पहिल्या वर्षासाठी एवढा नकाशा पक्का असला तरी पुष्कळ झालं.

आता तुझा ताजा कलम. शाळा आणि मॅडम, दोघंही खोटं सांगत नाहीत. हृदय छातीच्या मध्यभागी, दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत, छातीच्या हाडामागे असतं. पण ते तिरकं बसलेलं असतं. त्याचा साधारण दोनतृतीयांश भाग मध्यरेषेच्या डावीकडे येतो आणि टोक डावीकडे, खाली, पुढे वळलेलं असतं. ठोका त्या टोकाचा लागतो, म्हणून सगळ्यांना वाटतं हृदय डावीकडे. छाती दाबून जीव वाचवायची वेळ आली तर मात्र तळवा मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवतात, डावीकडे नाही.

हे तुझं तूच पडताळून बघ. खोलीचं दार लाव आणि आडवी हो. दोन गळ्याच्या हाडांमधली खळी शोध. तिथून बोट छातीच्या मधल्या हाडावरून सरळ खाली आण. साधारण दोन इंचांवर एक आडवा उंचवटा लागेल, कुणाला ठळक, कुणाला पुसट. तिथून डावीकडे सरकलीस की जी बरगडी लागते ती दुसरी. पहिली गळ्याच्या हाडाखाली लपलेली असते, ती शोधत बसू नकोस. दुसरीच्या खालची खाच दुसरी. आता एकेक बरगडी ओलांडत खाली ये. तिसरी खाच, चौथी, पाचवी. पाचव्या खाचेतून बाहेरच्या बाजूला जा, गळ्याच्या डाव्या हाडाच्या मध्यातून सरळ खाली रेघ ओढली तर ती जिथे येईल तिथवर, स्तनाच्या खालून. पुढे ईसीजी काढायला शिकशील तेव्हा व्ही-फोरची पट्टी इथेच लावायची असते. ठोका लागला नाही तर जरा डाव्या कुशीवर वळ, श्वास बाहेर सोड आणि बोटं तिथेच ठेवून थांब.

लागला की मला लिही.